क्वचित म्हणजे कुणाला तरी

माझ्याविषयी लालबाग-परळ भागात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की, मी दिलेल्या गोळीने एका तरुणाचा जीव घेतला. दुसरी माझ्याच व्यवसायातली मंडळी चहाचा कप हातात घेऊन हलक्या आवाजात सांगतात. ती अशी की, मी त्या गोळीची इतकी भीती घातली की घरच्यांनी ती बंद केली आणि तरुण गेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढं तरी सांगणाऱ्यांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. माझं म्हणणं असं की, दोन्ही खोट्या आहेत. संपादकांनी माझ्याकडे मानसोपचारतज्ज्ञाचे गमतीदार अनुभव मागितले होते. गमती सांगतो, पण त्या लवकर संपतात, हे आधीच सांगून ठेवतो. नावं आणि कामधंदे बदलले आहेत. घटना बदललेल्या नाहीत.

माझा दवाखाना लालबागच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. पाटीवर फक्त नाव आणि पदवी. 'मानसोपचार' हा शब्द मी मुद्दामच घातला नव्हता, कारण तो वाचून जिना चढायला कुणी धजावलं नसतं. समोरच्या दारात दातांचे डॉक्टर बसत. त्यामुळे माझे निम्मे पेशंट गालावर हात ठेवून वर येत. एक बाई तर कित्येक वर्षं तशा येत होत्या. शेवटी दातांच्या डॉक्टरांनाच राहवलं नाही. त्यांनी बाईंना आत बोलावून तोंड उघडायला लावलं, तर दाढ खरोखरच किडलेली निघाली. "बघा," बाई मला मोठ्या विजयाने म्हणाल्या, "मी कधी खोटं बोलत नाही."

माझ्याकडे येणाऱ्यांत बरेचसे असे होते, ज्यांचं मन एका पातळीवर ठरत नसे. कधी ते इतकं वर जाई की माणूस झोपेविना आठवडा काढून घरातली भांडी वाटून टाकी. कधी इतकं खाली, की दात घासायला उठणंही त्याच्या आवाक्यात राहत नसे. अशा मनाला मधल्या पट्ट्यात धरून ठेवणारी औषधं आहेत. त्यांतलं सर्वांत जुनं लिथियम. एका निवृत्त हेडक्लार्कांना मी ते लिहून दिलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,

"बॅटरीत घालतात तेच ना हे?"

"तेच."

"मग रात्री मला चार्जिंगला कुठे लावायचं, ते हिला सांगून ठेवा."

हसून झाल्यावर त्यांनी डाव्या तळव्यावर तंबाखू मळायला घेतली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, या औषधाने मूत्रपिंडाला अपाय तर होत नाही ना? मी त्यांच्या तळव्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि तंबाखू गालात सारली. सवयीच्या धोक्याला माणूस भीत नाही. ज्याचं नाव त्याने आजच ऐकलं, त्याला भितो. आणि औषधाचे धोके छापलेले असतात, आजाराचे कुणी छापून देत नाही. त्यामुळे तागडीत एकाच बाजूला वजनं पडतात. माझ्या कामातला मोठा भाग दुसऱ्या पारड्यात काही ठेवण्यात गेला, आणि ते पारडं खाली यायला नेहमी उशीर झाला.

आता मुख्य गोष्ट. लॅमोट्रिजीन नावाची एक गोळी आहे. खोल जाणाऱ्या मनाला ती धरून ठेवते. सहसा ती वजन वाढवत नाही, की सुस्ती आणत नाही. मात्र फार थोड्या लोकांना तिच्यामुळे असं पुरळ उठतं की कातडी सोलवटून निघते, तोंड आणि डोळे आतून जळतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हा धोका कमी करायचा मार्ग म्हणजे गोळी अगदी लहान मात्रेत सुरू करायची आणि जिना चढावा तशी सावकाश वाढवायची. मध्ये काही दिवस खंड पडला, तर होतो तिथून पुढे जाता येत नाही. पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

हा धोका मी पुस्तकात वाचून सांगत नव्हतो. गिरगावातली एक कॉलेजात जाणारी मुलगी ही गोळी घेत होती. गोळी मी दिलेली नव्हती. वैशाखाचे दिवस, अंगावर पुरळ उठलं तर घरच्यांना ते घामोळं वाटलं. चंदनाचा लेप लावत राहिले आणि गोळीही देत राहिले. माझ्याकडे आणली तेव्हा तिचे ओठ फाटले होते आणि तिला डोळे उघडवत नव्हते. मी तिला तशीच मोठ्या रुग्णालयात पाठवली. ती जगली, पण तिला आता उजेड सोसत नाही, घरातही काळा चष्मा लावून बसते. तिचे वडील मला म्हणाले, "एक वाक्य हो, डॉक्टर. कुणी एक वाक्य सांगून ठेवलं असतं, तर आम्ही पहिल्याच दिवशी टॅक्सी केली असती."

त्यानंतर ते वाक्य मी प्रत्येकाला सांगितलं. "ही गोळी बहुतेकांना सोसते. क्वचित कुणाला घातक पुरळ येतं, त्यात जीव जाऊ शकतो. अंगावर काहीही उठलं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी माझ्याकडे या." एवढं सांगून मी थांबत नसे, समोरच्याकडून ते वदवून घेत असे. माझा एक विद्यार्थी आता दादरला व्यवसाय करतो, त्याचं मोठं नाव आहे. डॉक्टरांच्या एका बैठकीत तो मला सर्वांदेखत म्हणाला, "सर, तुम्ही सांगता ते खरं असतं. पण पेशंट घरी जाताना फक्त 'जीव' हा शब्द घेऊन जातो."

"मग कोणता शब्द गाळू, ते सांग," मी म्हणालो.

"शब्द नाही सर. स्वर."

"स्वराने कातडी वाचत नाही. गिरगावात जा आणि त्या मुलीच्या वडिलांना तुझा स्वर ऐकव."

सभागृह हसलं. तो खाली बसला. माझ्याविषयीची दुसरी गोष्ट मात्र त्याच सभागृहातून निघालेली आहे.

दिगंबर तिशीचा होता. एअरकंडिशनर दुरुस्त करण्याचं काम करी, आणि मोठा भाऊ विलास याच्या ढोलताशा पथकात ताशा वाजवी. चाळीच्या दोन खोल्यांत आई इंदूबाई आणि हे दोन भाऊ. माणसं मूळ मालवणकडची. दिगंबर त्याआधी दोनदा अगदी तळाला गेलेला होता, आणि दुसऱ्या वेळी आईने दार ठोठावलं म्हणूनच वाचला होता. लिथियमने त्याचे हात थरथरत. ताशाच्या काड्या धरता येत नाहीत, म्हणून ते त्याने स्वतःच सोडलं. म्हणून मी ही गोळी निवडली. आईला आणि भावाला समोर बसवून ते वाक्य सांगितलं. विलासने ते माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात परत म्हणून दाखवलं.

जिना चढून श्रावणात आम्ही पुऱ्या मात्रेवर पोहोचलो. दिगंबर समोरच्या खुर्चीत बसून टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी काहीतरी वाजवत होता, आणि आपण वाजवतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. इंदूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "डॉक्टरांनु, माझो झील परत हसाक लागलो." मी या व्यवसायात फारशा कमाईची अपेक्षा ठेवली नव्हती, जी ठेवली होती ती मला त्या दिवशी मिळाली.

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत तो ताशा वाजवत गेला. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांनी इंदूबाईंचा फोन आला. दिगूच्या अंगावर पुरळ उठलं होतं, आणि विलासने गोळी बंद केली होती.

"तेका एकदा बघून जावा, डॉक्टरांनु. विलास थंय येवक देणा नाय."

विलास त्याला इकडे येऊ देईना, तेव्हा मीच दवाखाना तसाच सोडून चाळीत गेलो. पेशंटच्या घरी जाणं माझ्या शिस्तीत बसत नसे, पण गेलो. दिगंबर खाटेवर बसून चहा पीत होता. शर्ट काढायला लावला. पुरळ चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर होतं. शर्टाची बाही जिथे संपते, तिथे पट्टीने रेघ मारावी तसं थांबलं होतं. छाती आणि पाठ स्वच्छ. तोंडात फोड नाही, डोळे लाल नाहीत, ताप नाही. आणि कानामागे, केसांच्या मुळाशी, अजून गुलाबी रंग होता.

"हे गुलालाचं आहे," मी म्हणालो. "पथकातलं आणखी कोण कोण खाजवतंय?"

"आहेत चार-पाच पोरं," विलास म्हणाला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. "त्यांना गुलालाचंच."

"आणि याला?"

"याला गोळीचं."

"मिरवणूक एक, गुलाल एक, आणि याच्याच अंगावर तेवढी गोळी?"

"ती पोरं गोळी खात नाहीत, डॉक्टर. हा खातो. आणि तुम्हीच बोललात ना, काही उठलं तर गोळी बंद?"

"त्याच दिवशी माझ्याकडे या, हेही बोललो होतो."

"विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शुद्ध कोणाला असते? गोळी थांबवली आणि पुरळ बसायला लागलं. आता अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

"गुलाल धुतला, म्हणून बसायला लागलं."

"ते तुम्ही म्हणता."

विलास वाईट मनुष्य नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे. धाकट्याच्या आजारपणापायी त्याने स्वतःचं लग्न लांबवलं होतं. मी आवाज खाली आणला. माझा एवढा संयम माझ्या घरच्यांनीही कधी पाहिलेला नाही.

"विलास, ऐक. आज रात्रीपासून गोळी दिली, तर आहोत तिथून पुढे जाता येईल. आणखी थोडे दिवस गेले, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. आणि तोवर याला धरायला काही नसेल."

"जीव जायचा धोका किती?"

"क्वचित."

"क्वचित म्हणजे कुणाला तरी होतंच ना? मग तो कुणीतरी आमच्याच घरातला नाही कशावरून?"

या प्रश्नाला जगात कुठेही प्रामाणिक उत्तर नाही. मी म्हणालो, "औषधाशिवाय याचं काय होतं, ते तू दोनदा पाहिलं आहेस. ते क्वचित नव्हे."

विलासने खाटेवरच्या भावाकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, पारडं खाली आलं. मग तो आईकडे वळला. "आई, पितृपक्ष लागलाय. या दिवसांत नवीन काही सुरू करतात का?"

"अरे, हे नवीन कुठे आहे? चालूच होतं," मी मध्ये पडलो.

"बंद केलं ना? मग आता सुरू करायचं म्हणजे नवीनच. पंधरवडा संपू दे. घटस्थापनेला घेऊन येतो, शब्द देतो."

पितरांच्या दिवसांत इंदूबाईंनी आयुष्यात कधी नवं लुगडंही नेसलं नव्हतं. आणि औषधशास्त्राचं म्हणणं तरी वेगळं काय होतं? काही दिवस बंद पडलेली गोळी नवीच धरावी. फक्त विलासने तिला चार दिवस आधी नवी ठरवली.

मी दिगंबरकडे वळलो. शेवटी अंग त्याचं होतं. तो अदबीने हसला. "दादा म्हणतो तसं करू या, डॉक्टर. मला बरं वाटतंय."

"बरं वाटतंय ते त्या गोळीमुळे."

"हो. पण वाटतंय ना?"

निघताना इंदूबाईंना बजावलं की, त्याचं जेवण तुटलं, झोप तुटली, बोलणं कमी झालं, तर पंधरवड्याची वाट पाहू नका. मी फोन करत राहिलो. "बरा आसा," एवढंच उत्तर येई. पुढेपुढे तेही दुसऱ्या खोलीतल्या विलासला विचारून.

घटस्थापनेच्या दिवशी विलास शब्दाप्रमाणे त्याला घेऊन आला. दिगंबरची दाढी वाढली होती. हात मांडीवर उलटे पडले होते, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे.

"पुन्हा पहिल्यापासून?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून. लहान गोळी."

"किती दिवस?"

"दिवाळी उलटेल."

"लांब आहे," तो म्हणाला.

मधल्या काळासाठी मी दुसरं औषध सुचवलं; विलासने मोबाईल काढून त्याचे सगळे धोके मला वाचून दाखवले. इस्पितळात ठेवू या म्हणालो, "वेडा ठरवायचाय का त्याला?" असं उत्तर आलं. तेव्हा हातात उरली ती पहिल्या पायरीची गोळी, जिच्या मात्रेने अजून कुणाचं मन धरलं जात नाही. पुरळाच्या भीतीनेच ती पायरी इतकी लहान ठेवलेली असते. ती दिली. आज रात्रीपासून याला एकटं सोडू नका, असं दोघांनाही सांगितलं.

दारात दिवाळीचा कंदील लागण्याआधीच दिगंबरने स्वतःला संपवलं. कसं, ते मी लिहिणार नाही.

विलासने जी गोष्ट रचली, ती तेव्हापासून. गोळीने विष अंगात भिनलं, आधी पुरळ होऊन बाहेर आलं. डॉक्टरांनी तीच गोळी परत दिली, आणि या वेळी ते डोक्यात गेलं. ऐकणाऱ्याला ती पटते, कारण तिच्यातली प्रत्येक घटना घडलेली आहे. पुरळ आलं होतं, गोळी परत दिली होती, आणि पोरगा गेला होता.

मी असली गोष्ट ऐकून घेणारा नव्हे. चाळीच्या चौकात उभा राहून विलासला उत्तर देणार होतो. शब्दही मनात जुळवले होते. तेरावा झाल्यावर इंदूबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. बसल्या नाहीत.

"तां पुरळ गुलालाचांच होतां ना?"

खोटं मी पेशंटशी कधी बोललो नव्हतो. "हो," म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं. मग दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "ह्यां विलासाक सांगू नकात. एक झील गेलो. दुसरो तरी ऱ्हवांदे."

माझे जुळवलेले शब्द तिथेच राहिले. विलासला खरं कळलं, तर भावाची गोळी आपण बंद केली एवढंच त्याच्यापाशी उरलं असतं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं असतं, ते ओळखायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. मी वचन दिलं. औषधाने जीव घेतला, तर घेतला. ती गोष्ट मी अंगावर घेतली. ज्यांना मी भित्रा वाटलो, त्यांनी तसं खुशाल समजावं.

परंतु त्या वचनाची झळ मला एकट्यालाच बसली असती, तर हा लेख मी लिहिला नसता. पुढे एका संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्याखाली विलास एका बाईंशी बोलताना दिसला. बाई माझ्या पेशंट होत्या, दिगंबरचीच गोळी घेत होत्या, आणि तिच्यावर त्यांचा संसार, नोकरी, सगळं नीट चाललं होतं. मी उतरत होतो. विलासने मला पाहिलं, तरी आवाज कमी केला नाही.

"वहिनी, आमच्या दिगूची तीच गोळी. विचारा ना, समोरच आहेत."

बाई माझ्याकडे वळल्या. "खरं का, डॉक्टर?"

"तुमची गोळी चालू ठेवा," मी म्हणालो. "तुम्हाला ती सोसते आहे."

"ते नाही विचारत. यांचा भाऊ कशाने गेला?"

विलास माझ्याकडे एकटक पाहत होता. मी म्हणालो, "एका पेशंटविषयी मी दुसऱ्याशी बोलत नाही."

हे उत्तर नियमाला धरून होतं, आणि त्याहून वाईट उत्तर मी जन्मात दिलेलं नाही. बाई पुन्हा आल्या नाहीत. फोन उचलला नाही. त्यांचं पुढे काय झालं, मला कळलेलं नाही, आणि त्या जिन्यावरून पुढे असे आणखी किती जण माघारी गेले, तेही नाही. बाई हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो: ते पुरळ गुलालाचं होतं. गोळीने नव्हे, गोळी नसण्याने तो गेला. पुरळाचं वाक्यही तितकंच खरं आहे. उठलं, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वाक्याचे दोन्ही भाग घेऊन जा.

इंदूबाई यंदा गेल्या. दवाखाना मी त्याआधीच बंद केला होता. भेटायला चाळीत गेलो. विलासचे केस पिकले आहेत. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी इंदूबाईंच्या तसबिरीला हात जोडले. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, पथक कसं चाललंय?

"चाललंय. नवीन पोरं चांगली आहेत." तो हातातल्या पेल्याकडे पाहत होता. "गुलाल बंद केला पथकात. दिगू गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी. पोरं कटकट करतात, पण मी हात लावू देत नाही. पाकळ्या उधळतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. म्हणजे माझ्या मौनाने या मनुष्याला कशापासूनही वाचवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षापासून त्याला सगळं ठाऊक होतं. तो जिन्याखाली उभा राहून बाईंना अडवत होता, तेव्हाही ठाऊक होतं.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ भेटायला आत आले. मला पाहून दारातच थबकले आणि विलासला म्हणाले, "हेच का रे ते डॉक्टर?"

विलासने पेला खाली ठेवला. "हो," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "यांच्याच गोळीने गेला दिगू."

मी आयुष्यभर कुणाचं चुकीचं वाक्य तसंच जाऊ दिलेलं नाही. त्या दिवशी मी 'येतो' म्हणालो आणि जिना उतरलो.